मारुतीच्या पायरीवरची खूण

नव्या गटाराच्या वरच्या चेंबरमध्ये टँकरचं पाणी सोडलं, आणि रखमाजी आणि मी सात नंबरच्या चेंबरवर वाकून बघत राहिलो. पाणी आलं. पाइपच्या तोंडाशी येऊन फुगलं आणि तिथंच थांबलं. खालच्या पाइपात जायचं नाव घेईना.

"कचरा आडला आसंल," रखमाजी म्हणाला. तो ठेकेदाराचा मिस्त्री. तीस वर्षं नाल्या आणि पाइप घालण्यातच गेलेली. त्याने कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. कचरा नव्हता. मग मी टेप लावला. वरून येणाऱ्या पाइपचा तळ, खाली जाणाऱ्या पाइपच्या तळापेक्षा नऊ सेंटीमीटर खाली होता. म्हणजे पाण्याला पुढे जायचं तर चांगली पाच बोटं चढावं लागणार होतं, आणि ते काही चढणार नव्हतं.

शुक्रवार, दुपारचे तीन. सोमवारी सकाळी आठ वाजता जालन्याहून काँक्रीटच्या गाड्या येणार होत्या. याच गल्लीवर, याच पाइपांवर रस्ता होणार होता. एकदा तो झाला की खाली काय आहे हे निदान पंधरा वर्षं कुणी बघणार नव्हतं. आणि सात नंबरचं चेंबर नेमकं साळूबाईच्या दारात होतं.

मी अरुंधती, कनिष्ठ अभियंता. आमची कचेरी परतूरला. हे गाव वाटूरच्या पुढे, फाट्यावरून सहा किलोमीटर आत. लोकांना वाटतं इंजिनिअर म्हणजे पूल, धरण, डोक्यावर पांढरं हेल्मेट. माझ्या दोन वर्षांत मी एक अंगणवाडी, तीन संरक्षक भिंती आणि आता ही गटार, एवढंच बांधलंय. बाकीचा वेळ मोजमापं लिहिणं, पत्राला पत्राचं उत्तर देणं, आणि "म्याडम, आमच्या दारातून पाइप नको" म्हणणाऱ्यांशी भांडणं. भांडायला मला आवडतं, हे कबूल करते. घरी आई म्हणते, तुझ्या नाकावर माशी बसायला घाबरते.

त्या शुक्रवारी मी पहिल्यांदा रखमाजीवर घसरले. "पट्टी सरळ धरली नाहीत तुम्ही! डुलक्या काढत होता का?" पट्टी म्हणजे आकडे लिहिलेली ती लांब लाल-पांढरी काठी. मी लेव्हलच्या यंत्रातून बघते, तो पट्टी धरून उभा राहतो, मी आकडा वाचून वहीत लिहिते. गावात त्या यंत्राला सगळे दुर्बीणच म्हणतात.

"म्याडम, मी जल्दी करत आसंल," तो शांतपणे म्हणाला, "पर वाकडी धरत न्हाई. वाकडी धरली तं दोन-तीन सेंटीचा फरक पडंल. नऊ कसा पडंल?"

ते बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

"दोन्ही पाइपच्या मदात सिमेंटचा उतार मारून देतो," तो पुढे म्हणाला. "वरून झाकण. कोणाला कळून राह्यलं?"

"पाण्याला कळेल," मी म्हणाले.

उतार फार नव्हता, अडीचशे मीटरला एक मीटर. नऊ सेंटीमीटरची चूक म्हणजे साळूबाईच्या दारापासून वर बावीस मीटरपर्यंत पाइपात पाणी तुंबून राहणार, त्यात गाळ बसणार, आणि सहा महिन्यांत ते सगळं तिच्याच उंबऱ्याशी उलटं वर येणार. हा हिशोब मी उभ्या उभ्याच केला.

तेवढ्यात तीच बाहेर आली. साठीची, काटक, हातात खराटा. मारुतीचं देऊळ झाडणं आणि रोज पहाटे तिथं रांगोळी काढणं हे तिने स्वतःवर घेतलेलं काम. तिच्या दारातून अकरा वर्षं उघडी नाली वाहत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याने फरशीच्या तुकड्यावर पाय देऊन पलीकडे उडी मारायची. भोकरदनला दिलेली लेक शालू, तान्हं पोर घेऊन एकदा आली, पोराला उलट्या झाल्या, त्यानंतर आलीच नाही.

"सोमवारी पक्कं ना, म्याडम?" तिने विचारलं. हे ती रोज विचारायची. "शालूला सांगून ठिवलं, आता ये म्हणून."

"पक्कं," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

संध्याकाळी जालन्याच्या घरी लेव्हलची वही घेऊन बसले. एकेक बेरीज, एकेक वजाबाकी तपासली. पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलं. आकडे सगळे बरोबर निघाले. चूक सापडली असती तर मी खूश झाले असते, इतकी माझी गत झाली होती. जेवताना पाय हलवत होते म्हणून आईने मांडीवर हात ठेवून दाबून धरला.

काम दोन तुकड्यांत झालं होतं. खरं तर गटार खालून वर घालत जायची, पण नाल्याकडच्या बाजूला एका गोठ्यावरून वाद होता. म्हणून फेब्रुवारीत वरचा भाग आधी घातला, शाळेच्या ओट्यावरच्या खुणेवरून. वाद मिटल्यावर मे महिन्यात खालचा भाग, मारुतीच्या पायरीवरच्या खुणेवरून. दोन्ही खुणा मीच मारलेल्या. लाल रंगाचा त्रिकोण, मध्ये ठिपका, शेजारी उंचीचा आकडा. एका खुणेची उंची दुसरीशी पक्की जुळवून ठेवलेली. हलता कामा नये अशा दगडावर खूण मारायची आणि तिथून सगळ्या उंच्या मोजायच्या, ही आमची पद्धत.

शनिवारी सुट्टी होती. तरी सकाळी सातला मी रखमाजीला घेऊन शाळेच्या ओट्यावर उभी होते. तिथून मारुतीपर्यंत दहा ठिकाणी यंत्र मांडत, आकडे वाचत आलो. मी घाई करत होते, तो नव्हता. मला त्याची माफी मागायची होती आणि दर वेळी तोंडातून पुढचा आकडाच निघत होता. शेवटचा आकडा घेतला. पायरी, वहीत होती त्यापेक्षा नऊ सेंटीमीटर वर.

पायरी वर? दगड काय उगवतो?

मी खाली बसून नीट बघितलं. काळी ग्रॅनाइटची फरशी, चकचकीत. त्यावर माझा त्रिकोण, मध्ये ठिपका, शेजारी शंभर पूर्णांक आणि दशांशानंतर तीन शून्यं. खांबापासून अंतर तेच, दिशा तीच. मे महिन्यात मी ही खूण बघितली होती, आणि रंग इतका ताजा कसा राहिला म्हणून मनात आपलीच पाठ थोपटली होती; खालचा दगड बदललाय, इकडे लक्षच दिलं नव्हतं. आता त्या शून्यांकडे बघत राहिले. सगळी एकसारखी, गरगरीत गोल. माझी शून्यं आयुष्यात कधी इतकी गोल आली नाहीत. मी घाईत काढते, ती वाटाण्यासारखी येतात.

"ही फरशी कधी बसवली?" मी ओरडलेच.

"हनुमान जयंतीच्या आधी," रखमाजी म्हणाला. "सरपंच काकासाहेबांनी बसवून देली. जुन्या पायऱ्या झिजून गेल्त्या ना."

"आणि ही खूण?"

पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं. फरशीवाले खूण गाडायला निघाले तेव्हा साळूबाई आडवी पडली होती. सरकारी खूण आहे, मिटली तर गटाराचं काम बंद पडेल, म्हणून. तिने आधी जुन्या पायरीवर लग्नपत्रिकेतला झिरझिरीत कागद ठेवून पेन्सिलीने सगळं उतरवून घेतलं. खांबापासून किती वीत आहे ते मोजलं. फरशी बसल्यावर रंगाचा डबा मागून आणला आणि जसंच्या तसं परत काढलं. तिला अक्षर येत नाही. तिने आकडा लिहिला नव्हता, रांगोळीसारखा काढला होता. आणि रोज सकाळी त्याला हळदकुंकूही वाहत होती.

मी पायरीवरच बसले. हसू येत होतं आणि रडूही. पण खरी गोष्ट त्या दोन्हींच्या खाली होती. काम पुन्हा सुरू करताना आधी दोन खुणा एकमेकींशी ताडून बघायच्या, हे पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा सांगेल. मे महिन्यात मी ते केलं नव्हतं. शाळा गावाच्या वरच्या टोकाला, ऊन चाळीसच्या पुढे, आणि खूण समोर इतकी स्पष्ट. कोण जातंय?

वामन पाटोदकर साहेब, आमचे उपअभियंता, यांना फोन लावला. माणूस वाईट नाही. दोन वर्षं त्यांनी मला सांभाळून घेतलंय. सगळं ऐकून ते म्हणाले, "पाइप उखडावा लागेल?"

"खालचा सगळा. एकशे बारा मीटर."

"मग सोमवारचं काँक्रीट थांबव. आणि आता नीट ऐक. पुढच्या महिन्यात तुझा परिविक्षेचा काळ संपतो. त्याआधी फाइलला कारणे दाखवा नोटीस लागली, तर कायम होणं लटकलंच म्हणून समज. तेव्हा अहवालात एकच परिच्छेद लिही. ग्रामस्थांनी शासकीय खुणेत परस्पर फेरबदल केला. खोटं आहे का?"

"नाही, पण..."

"पण काय? त्या बाईचा जबाब घे. तिनेच काढली ना? चार ओळी, खाली अंगठा. तिला काय होणार आहे? फार तर सरपंचाला नि तिला एक पत्र जाईल."

खोटं नव्हतंच. तेच मला दिवसभर छळत राहिलं. एकेक शब्द खरा होता. रात्री कूस बदलून बदलून चादरीचा बोळा केला, आणि रविवारी सकाळी चार ओळींचा जबाब छापून, शाईचा पॅड पर्समध्ये टाकून मी गाडी काढली. वाटूर येईपर्यंत दोनदा गाडी वळवावीशी वाटली. मला कायम व्हायचं होतं. वडील गेल्यावर आमच्या घरात हा एकच पगार येतो. यात लाजण्यासारखं काही नाही, असं मी हेल्मेटच्या आत स्वतःलाच मोठ्याने सांगत होते.

साळूबाईने चहा टाकला. कप एकच बरा होता, तो मला. भिंतीला टेकून एक नवी सतरंजी गुंडाळून ठेवलेली होती. शालूसाठी.

"मावशी, एका कागदावर तुमचा अंगठा पाहिजे," मी म्हणाले.

"मंग द्या की."

"तुम्ही मारुतीच्या पायरीवर खूण काढली, असं लिहिलंय त्यात."

तिचा चेहरा उजळला. "तुमाला कळलं व्हय? मी म्हणलं, कोणी सांगितलं न्हाई अजून. बराबर आल्ती का? त्या शेवटच्या तीन गोलांना लई येळ लागला. घागरीच्या बुडानं काढावं म्हणलं तं ते मोठं व्हतंय. मंग बांगडी ठिवून काढले, लहानपनीची."

आणि तिने अंगठा पुढे केला. कागदात पुढे काय लिहिलंय हे विचारलंसुद्धा नाही. शेणामातीने भेगाळलेला, नखाशी लाल रंगाचा जुना ठिपका राहिलेला अंगठा, पॅड उघडण्याची वाट बघत हवेत तसाच. तिला वाटत होतं मी तिला शाबासकीचा कागद आणलाय.

पॅडचं झाकण मी उघडलं होतं. ते खटकन बंद केलं. इतक्या जोरात की ती दचकली.

"काय झालं?"

मग मी सगळं सांगितलं. पाणी थांबलंय, सोमवारी रस्ता होत नाही, परत खोदायचंय. आधी ती भडकली, आणि मला ते बरं वाटलं. "परत खांदता? अकरा वर्सं थांबले मी! शालू निघाली आसंल सामान भरून! तुमाला काय, तुमी गाडीवर येता न् जाता!" बोलता बोलता ती थांबली. हातातला कप खाली ठेवला. दारातून मारुतीची पायरी दिसते. तिने तिकडे बघितलं आणि हवेतच हाताने फरशीची जाडी मापली, चार बोटं, पाच बोटं.

"फरशीमुळं," ती म्हणाली. "खूण वर आली. मपल्यामुळंच झालं म्हणा की."

"नाही. तुम्ही खूण जपली. ती तपासायची माझी होती. मी तपासली नाही. मी आळस केला, मावशी."

मी जबाबाचे चार तुकडे करून पर्समध्ये कोंबले आणि उठले. तिने "बसा" म्हटलं नाही.

बाहेर ओट्यावर बसूनच साहेबांसाठी अहवाल लिहिला आणि फोनवरून पाठवला. काम पुन्हा सुरू करताना मी दोन्ही खुणा एकमेकींशी ताडून पाहिल्या नाहीत, त्यामुळे खालचा भाग नऊ सेंटीमीटर वर बसला, असं एक वाक्य. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. "वेडी आहेस," म्हणाले. मग ते म्हणाले, "नोटीस माझ्याच सहीने निघेल, हे लक्षात ठेव." आणि फोन ठेवण्याआधी, "उत्तर लिहायला मदत लागली तर सांग."

सोमवारी सकाळी आठला गाड्यांऐवजी खोदायचं यंत्र आलं. ठेकेदार फोनवर मला जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी रखमाजीसमोर जाऊन एका दमात म्हणाले, "त्या दिवशी तुमच्यावर ओरडले ते चुकलं माझं." तो नुसता म्हणाला, "पट्टी घेऊ का?"

मारुतीकडे वळलो आणि दोघंही थांबलो. पायरीवरची खुणेची ग्रॅनाइटची फरशी नव्हती. तिच्या जागी चौकोनी खड्डा, कडेला सिमेंटचे ढेपसे, आणि शेजारी साळूबाई, मांडीवर छन्नी-हातोडी घेऊन बसलेली. हाताची दोन बोटं चिंधीने बांधलेली. फरशी तिने न तुटता काढली होती आणि देवळाच्या भिंतीला उभी करून ठेवली होती.

"काकासाहेब रागावतील," मी म्हणाले.

"रागावू द्या. मारुतीनं काय न्हाई म्हणलं." तिने खड्ड्यातली माती पदराने पुसली. "बघा. खाली तुमचीच हाय. मिटली न्हाई."

जुन्या झिजलेल्या दगडावर फिकट लाल त्रिकोण होता, सिमेंटचे डाग पडलेला. शेजारी माझी वाटाण्यासारखी शून्यं. रखमाजीने त्या ठिपक्यावर पट्टी उभी केली. दहा ठिकाणी यंत्र मांडत आम्ही शाळेपर्यंत गेलो. या वेळी मी एकही टप्पा गाळला नाही आणि घाईही केली नाही. फरक दोन मिलिमीटर निघाला. एवढा चालतो.

परत आले तेव्हा ती तिथंच होती. मी पायरीवर बसून वही भरत होते. वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. खूण कुठं आहे, कशी ओळखायची, ते तिथं लिहितात.

"त्या कागदात आता मपलं नाव न्हाई?" तिने विचारलं.

"नाही. फाडला तो."

"काहून? मी केलं तं मपलं नाव पाहिजे. चांगलं आसू नाहीतर वाईट."

मी तिच्याकडे बघितलं. ती रुसलेली नव्हती. खरंच विचारत होती. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: मारुती मंदिराची जुनी पायरी, फरशीखालचा मूळ दगड. खूण दाखवली साळूबाई यांनी. मग वही तिच्यापुढे धरली आणि नावाखाली बोट ठेवलं. "हे तुमचं."

तिने वही जवळ घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली. चिंधी बांधलेलं बोट एकेका अक्षरावरून सावकाश फिरवलं, एकदा, दोनदा, पाचदा. मग वही परत दिली. "शालूला पंधरा दिवसांनी ये म्हणते," एवढंच म्हणाली आणि खराटा घेऊन निघून गेली.

मंगळवारी सकाळी मी सात वाजता पोचले. पायरीवर त्या चौकोनी खड्ड्याभोवती रांगोळी होती, आणि त्रिकोणाच्या शेजारी, पांढऱ्या बारीक रेघेत चार अक्षरं. साळूबाई. माझा ळ शाळेपासून डावीकडे कलतो, बाईंनी किती रट्टे दिले तरी सुधारला नाही. तिचाही कललेलाच होता.

रखमाजी पट्टी घेऊन उभा होता. मी यंत्रातून बघत होते आणि आकडा काही केल्या दिसेना.

"पट्टी हालली का, म्याडम?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "सरळ आहे. थांबा जरा."